दुभाषीचं स्वतःचं वाक्य

मैथिली तेरच्या स्टँडवर पोचली आणि धाराशिवची एसटी तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. त्यात ऐन फेब्रुवारीत, कुणी न बोलावता, पाऊस शिंतोडायला लागला. मैथिलीला मात्र मजा वाटली. पत्र्याच्या शेडबाहेर हात काढून ती थेंब झेलत उभी राहिली.

"पाऊस बघून हसू नका हो," शेजारी पिकअपची काच पुसणारा माणूस म्हणाला. "द्राक्षं तडकत्यात."

"मी हसते म्हणून पडतोय का तो?"

"तसंच दिसतंय... पर हसायचं थांबू बी नका. म्या सवताच बघत हुतो."

असं बोलून तो स्वतःच लाजला आणि पुसलेली काच पुन्हा पुसू लागला. तिशीतला, सावळा, कपाळाला गोरोबाकाकांच्या देवळातला ताजा बुक्का. चहावाल्यानं त्याला "पाव्हणं, दर्शन झालं न्हवं?" म्हणून विचारलं, तेवढ्या ओळखीवर, त्यानं धाराशिवपर्यंत सोडतो म्हटल्यावर, ती पिकअपमध्ये बसली. मागं द्राक्षांचे क्रेट होते आणि पुढं त्यांचा वास.

"तुमी काय करता?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"दुभाषी आहे. लोक मराठीत बोलतात, ते मी इंग्रजीत सांगते. समोरचा 'मी' म्हणाला की मीपण 'मी'च म्हणायचं. आमच्या कामाची रीतच आहे तशी."

"म्हंजे दिसभर दुसऱ्याचंच बोलायचं?"

"हो."

"मग... सवताचं कवा बोलता?"

पुण्यात मैथिली एकटी राहायची. संध्याकाळी कुलूप उघडलं की आत कुणीच नसायचं, आणि कधीकधी तर शनिवारपासून सोमवारपर्यंत तिच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. हे असं पहिल्या भेटीत कुणाला सांगायचं? तेवढ्यात धाराशिवचं स्टँड आलं. त्यानं एक घड तिच्या हातात ठेवला.

"उत्तर राह्यलं," तो म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली. नाव विचारायला हवं होतं, हे तिला लॉजच्या जिन्यात आठवलं आणि ती स्वतःवरच चिडली. द्राक्षं मात्र तिनं एकही उरवली नाहीत.

दुसऱ्या दिवशीचं काम होतं माकणीच्या द्राक्ष बागायतदारांच्या कंपनीचं. त्यांनी हॉलंडला पाठवलेला माल पोचेपर्यंत सडला होता. खरेदीदार म्हणत होता, माल मुळातच खराब होता. बागायतदार म्हणत होते, जहाजावर कंटेनरचं कूलिंग बंद पडलं. करारातच लिहिलं होतं की भांडण झालं तर ते कोर्टात न्यायचं नाही. सिंगापूरच्या एका लवाद केंद्राच्या नियमांनी तीन लवाद नेमायचे, ते देतील तो निवाडा दोघांनी मानायचा. म्हणून लवाद बसले होते सिंगापूर, लंडन आणि दिल्लीत, आणि साक्षीदार येणार होता धाराशिवच्या एका भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. हरले असते तर माकणीच्या द्राक्षांना परदेशात पुन्हा कुणी हात लावला नसता.

दार उघडलं. पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून तोच आत आला. योगीराज, पॅकहाऊसचा व्यवस्थापक, या प्रकरणातला एकमेव साक्षीदार.

तो हसला. दुभाषीची साक्षीदाराशी ओळख असेल तर ती आधी सांगायची, असा नियम. सांगितलं तर आजची साक्ष मोडणार, तिला त्याच्यासमोरून उठावं लागणार. नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं... पण पुढं कळलंच, तर जिंकलेला निवाडासुद्धा त्याच एका कारणावरून कोर्टात आव्हानाला जाणार. योगीराजनं नियमाप्रमाणे लॅपटॉप उचलून खोलीच्या चारी भिंती दाखवल्या, आत दुसरं कुणी नाही म्हणून. तो खाली ठेवतो न ठेवतो तोच तिनं हात वर केला.

"मला काही उघड करायचं आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "काल या साक्षीदारानं मला तेरहून गाडीतून आणलं. तेव्हा मला ते कोण हे माहीत नव्हतं. आणि... मी त्यांच्याकडून द्राक्षं घेतली."

पडद्यावर मुख्य लवाद, सिंगापूरच्या पांढऱ्या केसांच्या बाई, चष्मा काढून बघू लागल्या.

"गोड होती?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"हरकत आहे!" खरेदीदाराचे लंडनचे वकील जवळजवळ किंचाळले. "मालाचा दर्जा हाच तर वादाचा मुद्दा आहे!"

बाईंनी प्रश्न मागं घेतला. मग वकिलांनी गाडीतल्या गप्पा शब्दशः सांगायला लावल्या. मैथिलीनं सगळं सांगितलं. पावसाचं, हसण्याचंही. तिचे कान तापले होते. योगीराजला इंग्रजी फारसं समजत नव्हतं, पण तिचा चेहरा पुरेसा समजत होता. त्यानं मान खाली घातली.

"आणि 'स्वतःचं कधी बोलता' याला तुम्ही काय उत्तर दिलंत?" बाईंनी विचारलं.

"दिलं नाही. स्टँड आलं."

वकिलांना त्यात प्रकरणाचं काही सापडलं नाही. नवा दुभाषी शोधण्यात दोन्ही बाजूंचे महिने गेले असते. बाईंनी आदेश दिला: मैथिली काम करील, पण हे प्रकरण पूर्णपणे संपेपर्यंत या दोघांनी या खोलीबाहेर एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. आदेश मराठीत सांगायचं काम अर्थात मैथिलीचंच होतं. ती सांगत होती आणि तो तिच्याकडं बघत ऐकत होता.

उलटतपासणी सुरू झाली. वकील त्याला प्रश्नांनी सोलत होते.

"माल भरला त्या संध्याकाळी पॅकहाऊसमध्ये तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी न्हाय. म्या एकटाच."

"असं नेहमीच असतं? साक्षीला कुणीच नाही?"

"आई गेल्यापासनं तसंच हाय. घरी जाऊन तरी कुणासंगं बोलायचं? म्हणून तिथंच थांबतो. मशीनचा आवाज तरी असतो सोबतीला."

मैथिलीनं ते इंग्रजीत सांगायला घेतलं. मी एकटी असते. घरी जाऊन बोलायचं कुणाशी... इतक्या वर्षांत हजारदा म्हटलेला तो 'मी' आज पहिल्यांदा तिचा स्वतःचा होता. तिचं वाक्य मधेच तुटलं. "पुन्हा सांगा," लंडन म्हणालं, आणि तिनं पाणी पिऊन ते वाक्य पुन्हा, नीट सांगितलं. तिला त्या माणसावर प्रेम बसलं ते याच वाक्यात.

"पण पॅकहाऊसमधलं कूलिंग चालू होतं याला आधार काय?"

"घड्याळागत आवाज येतो त्याचा. म्या एकटा असतो म्हणून तर ऐकू येतो. बंद पडला असता तर खोली सुनी झाली असती."

दुपारी ती आत डबा घेऊन बसली आणि तो खिडकीबाहेर लिंबाखाली चहा घेऊन उभा राहिला. त्यानं तिच्याकडं बघून कप जरासा उचलला. तिनं पाण्याचा ग्लास उचलला. बघण्याबद्दल आदेशात काही नव्हतं. संध्याकाळी तो दारात घुटमळला, काही म्हणणार असं वाटलं... मग नुसते हात जोडून गेला.

लवादाचं कामकाज गोपनीय असतं. निवाडा लागला की पक्षकारांना कळतो, दुभाषीला कुणी कळवत नाही. मैथिली पुण्यात इतरांचे 'मी' बोलत राहिली, सिमेंटवाल्यांचे, औषधवाल्यांचे, जहाजवाल्यांचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. लवाद केंद्राला विचारावं म्हणून ती चार ओळी लिहायची आणि पुसून टाकायची. कोण होता तो? एका प्रवासाचा सोबती. विसरलाही असेल. रात्री फ्रिजची घरघर सुरू झाली की मात्र तिला माकणीचं ते मशीन आठवायचं, आणि ती रडायची.

ऑक्टोबरमध्ये ती तुळजापूरला आईकडं आली. आई, वनमालाबाई, देवळात गेली होती. कडी वाजली. दारात तोच, हातांना चिकाचे डाग.

"तुमच्या वडलांचं, बाबूराव गुरुजींचं घर कोण बी सांगतंय," योगीराज म्हणाला. "साक्षीच्या दिवशी शपथ घेताना तुमी तुमचं पुरं नाव-गाव सांगितलं हुतं, त्यातलं तेवढं समजलं हुतं. तुमचा पत्ता मागायला आलो, तर तुमीच दारात. रिकामाच आलोय. आत्ता छाटणी चाललीया, द्राक्षं फेब्रुवारीत."

"निवाडा...?"

"आमच्यासारखा लागला. जूनमधी."

"जूनमध्ये?" तिचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही आज येताय? मी इथं... मला वाटलं..."

"ऐका तरी. समोरच्याला सिंगापूरच्या कोर्टात जायला तीन महिने मिळत्यात. निवाडा रद्द करा म्हणून. आपण बोललो असतो तर त्यांच्या हातात आयतंच सापडलं असतं. बाईंनी म्हटलं हुतं न्हवं, पूर्ण संपेपर्यंत? मुदत संपली, तरी म्या वकिलाला म्हटलं, कोर्टात काय बी दाखल झालेलं न्हाय ते बघून सांगा. काल त्यांचा फोन आला." तो हातांवरचे डाग चोळू लागला. "सारं गाव निवाड्याच्या दिशी गुलाल उधळत हुतं. म्या एकटाच मुदतीचे दिस काढीत हुतो."

ती त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. आधी समोरच्यानं बोलायचं, मग आपण, ही तिची वर्षानुवर्षांची सवय.

"उत्तर राह्यलंय तुमचं," तो हळूच म्हणाला. "सवताचं कवा बोलता?"

पुढं सांगायला कुणाचं वाक्य नव्हतं. मैथिलीनं दाराची चौकट घट्ट धरली.

"मला..." ती म्हणाली, "मला तुमची लई आठवण आली."

"पुन्हा सांगा," योगीराज म्हणाला.

आणि तिनं ते पुन्हा, नीट सांगितलं.