पितळी जोड

“बाई, बाबांना मी मारलं, असं काका म्हणतो,” एवढं बोलून ती मुलगी दारातच बसली.

भाच्याने पाणी आणलं. मावशी खाजगी तपासाची कामं घेई. भाचा तिची गाडी चालवी आणि जमेल तसं डोकंही.

मुलीचे वडील जुने रेडिओ दुरुस्त करत. काल छपरावर एरियलची तार ओढून उतरताना शिडी सरकली आणि ते गेले. शिडी बांधायचं काम मुलीचं.

“घट्ट बांधली होती हो. पण आता मलाच माझा भरवसा वाटेना.”

“त्यांच्या खिशात काय होतं?” मावशीने विचारलं.

तिने मूठ उघडली. आत पितळेचा छोटा जोड होता, तार रेडिओला जोडणारा. “वर जाताना बाबा हा काढून खिशात ठेवत. मी वर असताना खाली कुणी रेडिओ लावायचा नाही, म्हणत.”

मुलीच्या घरी अंगणात शिडी कालपासून तशीच आडवी होती. तिची दोरी मात्र खुंटीला नीट वेटोळं करून टांगलेली. “टापटीप आहे घर,” भाचा म्हणाला. मावशीने दोरीचं टोक बोटांत धरून पाहिलं.

घरालगतच्या दुकानात, दुरुस्तीला टाकलेल्या रेडिओपाशी त्याची मालकीण भेटली. “उशीर लावतात म्हणून रोज भांडायचे मी त्यांच्याशी,” ती डोळे पुसत म्हणाली. “हा जोड कुठे मिळेना, म्हणून जुनं पितळ घासून त्यांनी हा एकच घडवला. त्याच्यावाचून हा डबा नुसता घुरघुरतो.”

“हिचाच राग दिसतोय,” भाचा कुजबुजला.

“गप बस, शहाण्या.”

काका मागच्या खोलीतून दुकानात आला. “मी इथे याच रेडिओवर बातम्या ऐकत होतो. दादा पडला ते कळलंसुद्धा नाही. पोरीने गाठ नीट मारली असती तर...”

“बातम्या स्पष्ट येत होत्या?”

“शेजारी बसून बोलावं तशा.”

मावशीने जोड टेबलावर ठेवला. “हा तेव्हा तुमच्या दादाच्या खिशात होता. मग रेडिओ बोलला कसा? तुम्ही इथे नव्हताच. आणि गाठ आपोआप सुटली असती, तर दोरी शिडीपाशी पडली असती. खुंटीवर चढली नसती. ती कुणीतरी आधीच सोडून ठेवली.”

काकाने जोड उचलला आणि परत ठेवला.

“दुकान विकायला तो तयार होईना. हो म्हणेपर्यंत वरच राहू दे म्हटलं. दोरी सोडून टांगली, शिडी ओढली... तोवर त्याचा पाय शिडीवर आला होता, बाई. मी वर बघितलंच नाही.”

मावशीने भाच्याला चौकीवर पाठवलं. तो परतला तेव्हा मुलगी रेडिओपाशी उभी होती. तिने जोड बसवला, बटण फिरवलं. जरा वेळ घुरघुर, मग कुणीतरी स्वच्छ आवाजात गाऊ लागलं.

“तार पक्की जोडली होती बाबांनी,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, “माझी गाठसुद्धा पक्की होती.”