मनोहर खांबेटे यांची बेसूर जाहिरात

मिरजेत त्या वर्षी चांगली जाहिरात शोधूनही सापडली नसती. घरोघरच्या भिंतपडद्यांवर गाणारे बेसूर गात, ओठ एक बोलत आणि आवाज भलतंच, शेवटची मात्रा तर हमखास चुकलेली. लोक चिडत, पडद्याला शिव्या घालत आणि दुकानात जाऊन तीच वस्तू घेत. खांबेटे मास्तरांना हा प्रकार मुळीच सहन होत नसे. त्यांचा सगळा जन्म पेटी शिकवण्यात गेला होता.

आणि त्यांच्या पत्नीला, शालनबाईंना, आता त्या जाहिरातीच तेवढ्या आठवत होत्या. विसरण्याच्या आजारात मुलाचं नाव पुसलं गेलं, माहेर पुसलं गेलं, शेवटी समोर बसलेला नवराही. पण टणत्कार हिंगाच्या जाहिरातीतलं भिकार गाणं त्या शब्दन्‌शब्द म्हणत.

"असं का व्हावं?" मास्तरांनी रेवती गुंजाळला विचारलं. ती त्यांची जुनी शिष्या. आता जाहिरातींच्या प्रयोगशाळेत मेंदूचा अभ्यास करत होती.

"मास्तर, मेंदू पुढचा सूर आधीच धरून बसतो. तो बरोबर आला की त्याचं काम संपलं. चुकीचा आला की तो पुन्हा पुन्हा तिथे जातो, दुरुस्त करायला. दर फेरीला आठवण खोल रुतते. आम्ही त्याला सल म्हणतो."

"पण माणूस चिडतो ना?"

"चिडतो. मग चीड विरते, नाव उरतं. दुकानात हात त्याच नावाकडे जातो. आमचा सगळा धंदा त्या विरण्यावर चाललाय."

मास्तर चष्म्याची काडी चाळवत राहिले. मग चाचरत म्हणाले, "माझी एक जाहिरात करशील?"

"तुमची? विकायचं काय आहे?"

"माल जुना आहे. पण गिऱ्हाईक एकच आहे."

रेवती हसली, आणि मग तिचं हसू ओसरलं. "चीड विरायला आजूबाजूला दुसऱ्या आठवणी लागतात, मास्तर. त्याच तिला बुजवतात. काकूंकडे त्या…"

"नाहीत. ठाऊक आहे."

"मग उजळणी चालू आहे तोवर नाव राहील, आणि नावाबरोबर चीडही राहील."

"राहू दे. नाव तर राहील."

ध्वनिमुद्रण सकाळपासून रखडलं. 'मी मनोहर खांबेटे, शालनचा नवरा' एवढीच ओळ. पण 'नवरा' या शब्दावर सूर घसरायला हवा होता आणि तो काही केल्या घसरेना.

"मास्तर, पुन्हा सुरात गेलात."

"सवय आहे गं. मी वाईट गाऊ तरी कसं?"

शेवटी रेवतीने पेटीचा भाता मिटला. "आज घरून निघताना काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाली, दार लोटून घ्या, आमचे हे बाहेर गेलेत."

"आता गा."

या वेळी सूर पडला.

जाहिरात घरच्या भिंतपडद्यावर दिवसभर वाजू लागली, आणि आठवड्याभरात शालनबाईंनी मास्तरांना हाक मारली. सगळ्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं, एरवी 'अहो'. आता जाहिरातीतल्यासारखं पूर्ण नाव घेतलं: "मनोहर खांबेटे." पहिल्या दिवशी मास्तरांनी गल्लीत पेढे वाटले. मग हळूहळू ध्यानात आलं, की ते खोलीत आले की शालनबाईंचे हात कानांवर जातात. "मनोहर खांबेटे, पुरे. जा तिकडे." मास्तरांनी वाढलेलं ताट त्या बाजूला सारू लागल्या.

मास्तरांनी जाहिरात बंद केली. उजळणी नसली तर सल बुजतो, असं रेवतीने सांगितलंच होतं, तो बुजला; चीड गेली, नावही गेलं.

एका दुपारी शालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पलंगावर सरकून जागा केली. "बसा ना. दमलेले दिसता. कोणाकडे आलात?"

"इथेच."

"बोलण्यावरून गळा गोड वाटतो. गाता का?"

मास्तरांनी त्यांनाच शिकवलेली एक बंदिश गायली. शालनबाईंनी डोळे मिटले, गुडघ्यावर ताल धरला, आणि अंतरा त्याच उचलून गायल्या. एक जागाही चुकली नाही. संपल्यावर कितीतरी वर्षांत हसल्या नव्हत्या तशा हसल्या.

"फार छान. नाव काय म्हणालात आपलं?"

मास्तरांनी सांगितलं. शालनबाईंनी मान डोलावली, आणि काही क्षणांतच तितक्याच गोडीने पुन्हा विचारलं.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मास्तर उठले आणि त्यांनी भिंतपडदा लावला. त्यांचाच आवाज खोलीत घुमला, 'नवरा'वर येऊन घसरला. शालनबाईंचं हसू मावळलं. कपाळाला पहिली आठी पडली, तसे मास्तर खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले आणि पुढच्या आठीची वाट पाहू लागले.