कॅमेऱ्यावरची टिकली

२००९ साली कसबा बावड्यातल्या आमच्या शाळेनं अकरावीच्या मुलांना घरी न्यायला लॅपटॉप दिले. मुलं अभ्यास करतात की टिवल्याबावल्या, हे संध्याकाळी लॅबमध्ये बसून बघायचं काम माझं. बटण दाबलं की लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून हव्या त्या मुलाची खोली माझ्या पडद्यावर. मुलांना सांगितलं नव्हतं. सांगून कधी चोर सापडतात होय?

दिवाळीनंतर राजवीरच्या मागं एक माणूस बसलेला दिसू लागला. भिंतीकडं तोंड, माझ्याकडं पाठ, डावा खांदा उतरलेला. असेल मामा, म्हटलं. आठवड्यानं तोच माणूस शिवानीच्या घरात. राजवीरला हटकलं.

"घरात आमी तिघंच हाय की सर," तो म्हणाला आणि नजर चुकवून निघून गेला.

मग तो माणूस घरोघर दिसायला लागला. खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा वास यायचा, पंखा घरघरायचा, आणि माझं चित्त काही थाऱ्यावर नसायचं. रोज जाऊन आधी त्यालाच शोधायचो.

एकच चौकट काळी असायची. प्रियदर्शनीनं कॅमेऱ्यावर कपाळाची टिकली चिकटवली होती. पोरगी हुशार, सीईटीची सगळी तयारी त्याच लॅपटॉपवर. तो गेला तर दुसरा कुठून आणणार? "टिकली काढ, नाहीतर लॅपटॉप जमा कर," मी बजावलं. तिनं काढली नाही. माझं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी लॅबला कुलूप घालून मी थेट तिच्या घरी गेलो.

तिची आई, बनाबाई, भाकरी थापत होती. मला बघून ती दचकली नाही.

"या सर. बसा की तुमच्या जागंवर."

"मी पहिल्यांदाच येतोय."

"टिकली लावल्यापास्नं आला न्हाईसा. त्याच्या आदी रोज की. पाठ करून बसायचासा, बोलायचा न्हाईसा. आज तोंड दिसलं."

कोपऱ्यात, भिंतीला लागून सतरंजी होती.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही म्हणतात. माझा हात नकळत डाव्या खांद्याकडं गेला. लहानपणी आंब्यावरून पडल्यापासून तो उतरलेलाच आहे.

"लॅपटॉप नेऊ नगासा सर," प्रियदर्शनी रडवेली झाली. "काढते टिकली. पर मग तुमी हितनं उठत न्हाईसा. मला अभ्यास व्हत न्हाय."

"राहू दे, काढू नको," म्हणेपर्यंत तिनं नखानं ती उचकटली होती.

कॅमेऱ्याशेजारी हिरवा दिवा लागला.

"दिवा लागला की सर लॅबमधनं बघत्यात," ती पुटपुटली आणि माझ्याकडं बघत राहिली.

लॅबची किल्ली माझ्या खिशात होती.

मी दिव्याकडं वळलो. समोर भिंत आली. पुन्हा वळलो. भिंतच.

गुडघे सतरंजीला टेकले.

"टिकली लाव," मी ओरडलो. तोंडातून आवाज निघाला नाही.

मागं प्रियदर्शनीनं हळूच वही मिटली.

"आई," ती म्हणाली, "सर बसलं."