उणे बारा

आधीच सांगतो, ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या घरात घडली, अजून घडतेय. गाव आष्टा, जिल्हा सांगली. एकाही माणसाचं नाव बदललेलं नाही. का नाही बदललं, ते शेवटी कळेल.

आणि रात्रबित्र नव्हती. एप्रिल महिना. शनिवार. भर दुपारचे पावणेतीन.

मी मानसिंग. सतरा वर्षं फौजेत होतो, सिग्नलमध्ये. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. वायर, माइक, स्पीकर यातलं मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा तोरा. त्या तोऱ्यानंच घर खाल्लं.

घर बांधलं तेव्हा हॉलमध्ये होम थिएटर बसवलं. पाच स्पीकर, एक मोठा रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे तो मधला डबा. डिश, पेनड्राइव्ह, फोन, सगळ्यांचा आवाज त्यात येतो आणि तिथून स्पीकरला जातो. वायर लांबवून सहावा एक स्पीकर गच्चीवरही टाकला होता.

दोन वर्षांपूर्वी आईला झटका आला. उजवी बाजू गेली. मागच्या खोलीत कॉटवर पडून. आवाज एकदम बारीक झाला. क्रांती, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात असली की तिला आईची हाक ऐकूच यायची नाही.

मग मी डोकं लढवलं. आईच्या उशाशी छोटा माइक लावला. त्याची वायर रिसीव्हरच्या रिकाम्या सॉकेटला. सोर्सला, म्हणजे आवाज जिथून येतो त्याला, नाव देता येतं, तर मी नाव दिलं… आई. इंग्रजीत तीन अक्षरं. डब्यावर निळी झळकायची.

आई म्हणाली, "म्या काय रेडिओ हाय व्हय रं?"

माझी पोरगी प्रांजल पोट धरून हसली होती.

क्रांतीला मी एकच शिकवलं. कामाला लागलीस की आईचा सोर्स लाव आणि आवाज पंचावन्नवर ठेव. पंचावन्नला आईचा श्वासही ऐकू येतो.

ती पंचावन्नच ठेवायची. एकदाही चुकली नाही.

चुकलो मी. चुकलो कसला, मुद्दाम केलं.

आईच्या हाका दिवसभर चालायच्या. "क्रांते, माशी बसली गं." "क्रांते, पाय वळीव." "क्रांते, मेलीस का काय?" पाच स्पीकरमधनं. मी सोफ्यावर पडलेलो असायचो आणि डोक्यात कुणी खिळे ठोकतंय असं व्हायचं. आईच होती, पण वैताग यायचा हो. खोटं कशाला बोलू?

त्या रिसीव्हरच्या मेनूत आत एक जागा असते. प्रत्येक सोर्सची वेगळी लेव्हल. डिश मोठ्यानं वाजते, पेनड्राइव्ह बारीक. म्हणून एकाला कमी करायचं, एकाला वाढवायचं. उणे बारापासून अधिक बारापर्यंत. एकदा केलं की डबा ते लक्षात ठेवतो, लाइट गेली तरी. आणि बाहेर दिसणाऱ्या आकड्यात त्याचा पत्ता लागत नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मी आईची लेव्हल उणे बारा करून टाकली.

क्रांतीला सांगितलं नाही. बाहेर आकडा पंचावन्नच दिसायचा. तिला वाटलं, आत्याबाई हल्ली शांत पडून असतात.

उणे बारा म्हणजे बंद नव्हे. धडधाकट माणूस बोलला असता तर ऐकू आलं असतं. पण आईचा आवाज उरला होता तरी किती…

त्या शनिवारी क्रांती गच्चीवर कुरडया राखत बसली होती. कावळे लय झालेले. शेजारी स्पीकर, आईचा सोर्स, आकडा पंचावन्न. तीनला खाली आली.

आई कॉटच्या कडेला आलेली. उलटी घशात अडकली होती. तांब्या जमिनीवर लवंडलेला.

आणि माइक… माइक उशाशी नव्हता. डाव्या हातानं वायर ओढून तिनं तो तोंडाशी धरला होता. घट्ट. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर कुणी कुशीवर वळवलं असतं तर वाचल्या असत्या.

मी कुठं होतो? रानात. मोटर चालू करायला गेलो होतो. सगळ्यांना हेच सांगितलं.

शिरवळहून माझी बहीण आली, अर्जुना. आल्या आल्या तिनं क्रांतीचा दंड धरला. "आवाज बंद करून बसलीस गच्चीवर? मारलीस माज्या आईला!"

क्रांती रडत नव्हती. तिनं मला हॉलमध्ये ओढत नेलं, सगळ्यांसमोर. "आवं, तुमी बगा की. पंचावन्नच हाय. मी हातबी लावला न्हाई त्याला. सांगा ह्यास्नी."

मी डब्याकडं बघितलं. पंचावन्न होता.

सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या तोंडातनं निघालं, "आकडा काय, मागनंबी वाढवता येतोय."

क्रांतीनं माझा हात सोडला.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले. बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. पाऊण तास झाला. अर्जुना म्हणाली, "आई, प्रांजलची काळजी करू नगंस, मी हाय." काही नाही. चुलते, आकारामतात्या, म्हणाले, "वैनी, तुजी म्हस इकनार न्हाई आमी." तरी काही नाही.

मग तात्या क्रांतीला म्हणाले, "पोरी, हात जोड. चुकलं म्हन. जीव अडकलाय तिचा."

क्रांतीनं हात जोडले. "आत्याबाई, माजं चुकलं."

एक कावळा उतरला. पिंडापर्यंत उड्या मारत आला… थांबला… आणि परत उडून बाभळीवर बसला.

शब्द कुणाचा पाहिजे होता ते तिथं मला एकट्याला कळत होतं. मी डोक्यावर टॉवेल घेऊन उभा राहिलो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळी घरी आली.

जूनमध्ये क्रांती प्रांजलला घेऊन पाचगणीला माहेरी गेली. पोरीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. जाताना भांडली नाही की रडली नाही. अडवायची हिंमत मला झाली नाही.

घरात मी एकटा. माइक कधीच काढला होता. वायर गुंडाळून फौजेतल्या ट्रंकेत टाकली, वर कुलूप.

ती गेल्यावरचा पहिला शनिवार. जेवून डिश लावली होती. बातम्या चालू होत्या.

अचानक आवाज गेला.

टीव्हीवर माणूस बोलतोय, ओठ हलतायत… आवाज नाही.

डब्याकडं बघितलं. सोर्स बदलला होता. निळी तीन अक्षरं. आई. पुढं पंचावन्न.

रिमोट टीपॉयवर होता. माझ्यापासून चार हात लांब.

घड्याळात पावणेतीन.

म्हटलं, जुना डबा, बिघडला असेल. तरी मेनूत गेलो. आईची लेव्हल बघितली.

उणे अकरा.

मी उणे बारा ठेवली होती. ते मी विसरणं शक्य आहे का? परत उणे बारा केली, बंद केलं.

पुढच्या शनिवारी पावणेतीनला पुन्हा तेच. उणे दहा.

मग मी हट्टाला पेटलो. सोर्सचं नाव पुसलं. डबा फॅक्टरी रीसेट केला. डिशचं नाव गेलं, पेनड्राइव्हचं गेलं, सगळं कोरं झालं. आई तेवढी राहिली. एका शनिवारी तर प्लगच काढून ठेवला. काही झालं नाही, जिंकलो म्हटलं. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन पायऱ्या एकदम चढल्या.

उणे सातला आवाज सुरू झाला.

टक… टक… टक…

पंख्याचा आवाज. आईच्या खोलीतला पंखा असाच वाजायचा, एक पातं ढिलं होतं. मी मागच्या खोलीत पळत गेलो. खोली बंद. पंखा मे महिन्यातच उतरवून ठेवला होता. छताला नुसता हुक होता.

हॉलमध्ये मात्र पाची स्पीकरमधनं… टक… टक…

सांगलीत माझा जुना फौजी दोस्त आहे, शंभूराज. स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. त्याला मुद्दाम शनिवारी बोलावलं, कशासाठी ते सांगितलं नाही. त्यानं डबा पुढं ओढला, मागची बाजू बघितली.

"गड्या, ह्या सॉकेटला तर कायच जोडल्यालं न्हाई."

"व्हय."

"मग ह्यो पंखा कुठला वाजतोय?"

तेवढ्यात स्पीकरमधनं कॉट करकरली. कुणीतरी कुशीवर वळायला बघतंय आणि वळता येत नाही, असा आवाज.

शंभूराजनं चहा तसाच ठेवला. चप्पल घालताना एवढंच म्हणाला, "मान्या, तू काय केलंयस मला म्हाईत न्हाई. पर ज्याला सांगायचं त्याला सांगून टाक." नंतर माझा फोन त्यानं उचलला नाही.

दर शनिवारी एक पायरी. उणे तीनला श्वास. घरघरता. उणे एकला तांब्या लवंडला, पाणी सांडल्याचं ऐकू आलं.

शून्याला… हाक आली.

"क्रांते…"

बारीक. अगदी माइकला ओठ लावून.

"क्रांते… ये की गं…"

मी कानात बोटं घालून बसलो. तीन वाजता सगळं थांबलं, डिश आपोआप परत आली, बातम्या चालू झाल्या.

वाटलं, शून्य झालं, संपलं. एवढंच ऐकवायचं असेल आईला.

पुढच्या शनिवारी अधिक एक.

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली आहे. वर मी लिहिलंय, मी रानात होतो. खोटं नाही ते. पण सगळं खरंही नाही.

अधिक सहाला मला ते ऐकू आलं. आईची हाक चालू होती. पंखा टकटकत होता. आणि त्याच्या मागं, लांबून… मोटरसायकल.

जवळ आली. मागच्या परड्यात, आईच्या खिडकीखाली येऊन थांबली. स्टँड लावल्याचा आवाज.

आईची हाक बंद झाली. मग ती बोलली. आवाजात केवढा जीव आला होता…

"मानसिंगा… आलास व्हय रं?"

पावलं. दार उघडलं, बंद झालं. पुन्हा पावलं.

किक. एकदा… दुसऱ्यांदा… गाडी चालू झाली.

गेली.

त्यानंतर फक्त पंखा.

आलो होतो मी घरी. मोटरचा फ्यूज उडाला होता, परड्यातल्या खोपटात वायर होती ती न्यायला आलो. खिडकीतनं आईचा आवाज ऐकला. काय बोलली ते कळलं नाही, पण ऐकला. म्हटलं, वर क्रांती आहे, तिच्या कानाशी स्पीकर आहे, येईल ती.

आणि उणे बारा? तेव्हा आठवलं नव्हतं का?

आठवलं होतं. दाराच्या पायरीपर्यंत गेलोही होतो. पण रानातली लाइट साडेतीनला जाणार होती, उसाला पाणी राहिलं होतं. आणि आई काय, रोजच हाका मारते. मी किक मारली.

हे आजपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. मला आणि आईला, बस्स.

आता नोव्हेंबर संपलाय. काल अधिक अकरा झाली. येत्या शनिवारी अधिक बारा. त्याच्या पुढं डब्यात पायरी नाही.

आणि येत्या शनिवारीच क्रांती येतेय. शिलाई मशीन आणि तिची भांडी न्यायला. दुपारपर्यंत पोचते म्हणाली. फोनवर मी सगळं सांगायचं ठरवलं होतं. "हॅलो" म्हणालो, "जेवलीस का" म्हणालो, आणि प्रांजलच्या शाळेचं विचारून फोन ठेवला. सतरा वर्षं वर्दी घातली. बायकोपुढं चार वाक्यं फुटत नाहीत.

क्रांती या पेजवरच्या गोष्टी वाचते. आई झोपली की कॉटशेजारी बसून वाचायची, आम्हाला सांगायची. म्हणून इथं लिहिलंय. म्हणून नावं बदलली नाहीत.

क्रांते, पंचावन्नच होता. तू हात लावला नव्हतास. उणे बारा मी केलं होतं. घाटावर हात मी जोडायला पाहिजे होते, तुला जोडायला लावले. आईनं तुला हाका मारल्या, त्या मी तुझ्यापर्यंत येऊ दिल्या नाहीत. मला ऐकू आलं होतं आणि मी निघून गेलो.

एवढं लिहून मघाशी हॉलमध्ये गेलो. वाटलं, आता कबूल केलंय, आकडा उतरला असेल. मेनू उघडला.

अधिक अकराच आहे.

म्हणजे पेजवर लिहून भागत नाही.

शनिवारी पावणेतीनला ती घरात असेल. मी तोंड उघडलं तर ठीक. नाही उघडलं तर आई सांगेल, पाची स्पीकरमधनं. गच्चीवरचा सहावा पण मी काढलेला नाही.

सकाळपासून दोनदा बाहेर जाऊन बघून आलोय. परड्यात माझी गाडी उभी आहे. चावी घरात, खिळ्याला. कालपासून ती कुणी चालू केलेली नाही. आज शनिवार नाही, तरी इंजिन गरम लागतंय.