उजव्या बाजूचं दार

"रडका सिनेमा नको. आत्या रडायला लागली की मधेच उठून जाते," ढापण्या म्हणाला.

"आणि मारामारीचा लावला तर काकू डोळे मिटून बसते. मग तिचं तिकीट कशाला काढायचं?" तायडीनं विचारलं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तिनं घरातल्या नऊ जणांची यादी केली होती. एका रकान्यात कोणाला कुठला सिनेमा चालेल, दुसऱ्यात कोणाला कुठलं पुस्तक द्यायचं. सुट्टी लागली की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा आणि घरी आल्यावर प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक पडायचं, हा या घराचा शिरस्ता होता. आजवर निवड आजोबा करत. पंधरा दिवस आधीपासून ते गुपचूप प्रत्येकावर नजर ठेवायचे, आणि त्यांची निवड सहसा चुकायची नाही. पण चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं, चालायला वॉकर आला. त्यामुळे यंदा हे काम मुलांवर आलं होतं. चौदा वर्षांची तायडी, दहा वर्षांची तिची बहीण चिमणी आणि काकांचा मुलगा ढापण्या. तो बारा वर्षांचा होता आणि त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड होत्या.

शेवटी समुद्रावरच्या मोहिमेचा सिनेमा ठरला. त्यात थोडं हसू होतं, थोडी भीती होती आणि कोणी फारसं मरत नव्हतं. तो ज्या थिएटरात लागला होता, तिथल्या पुढच्या दालनातच पुस्तकांचं प्रदर्शनही भरलं होतं. दोन्ही कामं एकाच ठिकाणी उरकणार, म्हणून तिघं खूश होऊन निघाली.

आजोबांना पायऱ्या चढता येणार नाहीत, तेव्हा आधी खुर्च्या बघायला हव्यात असं तायडीचं म्हणणं. दोन खेळांच्या मधे थिएटरच्या म्हाताऱ्या डोअरकीपरनं त्यांना आत सोडलं. तीस वर्षं तो टॉर्चच्या उजेडात लोकांना जागा दाखवत होता. उजव्या भिंतीजवळची रांग त्यानंच सुचवली. तिथून बाहेर पडायचं दार दोन पावलांवर होतं.

ढापण्यानं दारावरचा पडदा बाजूला केला. दाराच्या दोन्ही कड्यांमधून साखळी ओवलेली होती आणि तिला मोठं पितळी कुलूप होतं. फटीतून बघितलं तर पलीकडच्या बोळात पुस्तकांची खोकी छातीएवढी रचलेली. डावीकडच्या दारालाही तसंच कुलूप, आणि त्या बोळात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. म्हणजे बाहेर पडायला एकच वाट उरली होती, खुर्च्यांच्या मागच्या दाराची, प्रदर्शनाच्या दालनातून जाणारी.

"मी साहेबांना तीनदा सांगितलं," डोअरकीपर हळूच म्हणाला. "चौथ्यांदा सांगितलं तर मलाच बाहेरची वाट दाखवतील."

दालनात चिमणीला आणखी एक गोष्ट दिसली. प्रदर्शनाचे सगळे दिवे आणि पंखे एकाच बोर्डावर जोडलेले होते, आणि बोर्डाला हात लावला तर चटका बसत होता. करपल्यासारखा वासही येत होता. तिनं पुस्तकवाल्याला सांगितलं. तो भला माणूस होता, पण गिऱ्हाइकांच्या गराड्यात त्यानं नुसती मान हलवली.

मग तिघं मॅनेजरकडे गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला. दारं उघडी ठेवली की फुकटे आत घुसतात, किल्ल्या त्याच्या खिशात असतात, वेळ आली की तो उघडेल, असं त्याचं उत्तर होतं. तुम्ही जेवताना, झोपताना कुठे असता, असं ढापण्यानं विचारलं, तेव्हा तो हसायचा थांबला आणि त्यानं त्यांना बाहेर जायला सांगितलं.

अग्निशमन केंद्रात कारकुनानं त्यांचा अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि साहेब सुट्टीनंतर बघतील म्हणून अर्ज ट्रेमध्ये टाकला. घरी तर त्याहून वाईट. काका म्हणाले की, रोज शेकडो लोक तिथे सिनेमा बघतात, त्यांना काही होत नाही. बाबा दिवसभर दमून आले होते. तायडीनं दुसऱ्यांदा विषय काढला तेव्हा ते वैतागले.

"किती दिवसांनी आजोबा घराबाहेर पडतायत. त्यात आता कुलपं नि वायरींचं खुसपट काढू नकोस. गप्प बस."

ती गप्प बसली. पण तिघांचं डोकं काही गप्प बसलं नाही. मागच्या अंगणातल्या अडगळीच्या खोलीचं कुलूप अगदी तसंच होतं, तेवढंच मोठं, तसंच पितळी. हे ढापण्याच्या लक्षात आलं आणि रात्रीच्या जेवणाआधी सगळा बेत ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच तिघं प्रदर्शनात हजर झाली. आम्हाला नऊ जणांसाठी नऊ पुस्तकं हवीत, त्यांनी जाहीर केलं. काकूसाठी कपडे बेतायचं पुस्तक. बाबांना जुन्या यंत्रांवरचं. आत्यासाठी विनोदी, पण पांचट नको. आजोबांना दीपगृहांवरचं, मोठ्या अक्षरातलं, भरपूर चित्रांचं. टेबलावर दाखवलेलं एकही त्यांना पसंत पडेना.

"तसलं बोळातल्या खोक्यांत असेल," पुस्तकवाला म्हणाला.

"मग काढू या की. आम्ही उचलू लागतो," तायडी म्हणाली.

हवं असलेलं पुस्तक नेमकं सगळ्यांत खालच्या खोक्यात असणार, असं चिमणी दर वेळी छातीठोकपणे सांगायची. वरची खोकी उचलून बाहेरच्या आवारात छपराखाली न्यायची, खालचं उघडायचं, मग पुढच्या थप्पीकडे वळायचं. बाहेर ठेवलेली खोकी परत आत न्यायला कोणालाच जोर उरला नाही. बारा वाजेपर्यंत उजवा बोळ मोकळा झाला होता आणि नऊच्या नऊ पुस्तकंही मिळाली होती. पुस्तकवाल्यानं ती कागदात बांधून, नावं घालून बाजूला ठेवली. खेळ सुटला की न्या म्हणाला.

डाव्या बोळातल्या लोखंडी खुर्च्या मात्र एकमेकींत अडकून बसल्या होत्या. तिघांनी मिळून ओढूनही एक हलली नाही. आणि घरी तसलं कुलूप एकच होतं.

तीनच्या खेळाला सगळे आले. पुढच्या पायऱ्यांवरून वॉकर नेता येईना, तेव्हा नऊ तिकिटांकडे बघून मॅनेजरनं कुरकुरत उजवं दार आतून उघडलं. आजोबा आवारातून, बोळातून सावकाश आत आले. दार उघडंच ठेवा ना, असं तायडीनं शेवटचं विनवून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुलूप त्यानं शेजारच्या स्टुलावर ठेवलं होतं. ढापण्या चपलेचा पट्टा लावायला खाली वाकला आणि उठला तेव्हा स्टुलावर दुसरंच कुलूप होतं. मॅनेजरनं फोनवर बोलता बोलता साखळी ओवली, कुलूप दाबून बंद केलं आणि निघून गेला.

डोअरकीपर तीन हातांवर उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. त्यानं ढापण्याकडे बघितलं, मग टॉर्च लावून दुसऱ्या कुणाला तरी जागा दाखवायला वळला.

मध्यंतरानंतर वीसेक मिनिटांनी वास आला. आधी चिमणीला, कारण तो वास तिच्या ओळखीचा होता. तिनं तायडीचा दंड घट्ट धरला. मागच्या दाराखालून धूर आत येत होता. कोणीतरी ते दार उघडलं आणि दालनातल्या ज्वाळा दिसल्या. सिनेमा बंद पडला, दिवे गेले, आणि दोनशे माणसं एकदम ओरडत उठली.

तायडीच्या गळ्यात दोरीला अडगळीच्या कुलपाची किल्ली होती. बेत करताना सगळं सोपं वाटलं होतं. आता अंधारात कुलपाचं भोक सापडेना. पाठीमागून माणसं रेटत होती. ढापण्यानं तिच्यावर रेटा येऊ नये म्हणून दोन्ही हात भिंतीला टेकवून आपली पाठ मधे घातली. त्याचा चष्मा कुठेतरी पडून चिरडला गेला. तिसऱ्या खेपेला किल्ली फिरली. साखळी खळखळत खाली आली आणि दार उघडलं. बाबांनी आणि काकांनी आजोबांना उचलून बाहेर नेलं. चिमणी पडदा धरून, दाराशी चिकटून "इकडे या, इकडे या" असं घसा फाटेपर्यंत ओरडत राहिली.

पण निम्मे लोक डावीकडे धावले होते. तिथे कुलूप होतं. पुढचे दारावर चेपले जात होते आणि मागचे रेटत होते. त्या गर्दीत एक टॉर्च हलताना तायडीला दिसला.

"उजवीकडे चला. उजवं दार उघडं आहे," डोअरकीपर ओरडत होता. तो एकेकाला खांद्याला धरून वळवत होता. टॉर्चचा झोत उजव्या दारापर्यंत टाकत होता. धूर दाट होत गेला. बराच वेळ तो झोत दिसत होता. मग तायडीला आईनं बाहेर ओढलं.

मॅनेजर कोपऱ्यावरच्या खानावळीत उशिरा जेवायला बसला होता. दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात होत्या.

अठरा जण रुग्णालयात होते. पुस्तकवाल्याचे दोन्ही हात भाजले. आग विझल्यावर जवानांना डाव्या दाराजवळ एकच माणूस सापडला. तो डोअरकीपर होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी घरी आले. शेजारपाजारचे लोकही आले, मुलांच्या पाठी थोपटू लागले. अधिकाऱ्यांनी तिघांचे जबाब लिहून घेतले, अर्जाची शिक्क्याची पोचही घेतली. मॅनेजरला अटक झाली होती. अशी धीराची मुलं त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती, असं ते म्हणाले.

बाबा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले.

"आणखी एक लिहा. पोरीनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी तिला गप्प बस म्हणालो. तेही लिहा."

अधिकाऱ्यांनी वर पाहिलं आणि मग लिहिलं. काकांनी मान खाली घातली. आजोबांनी डाव्या हातानं तायडीला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

चार दिवसांनी डोअरकीपरची बायको आली. बारीक चणीची, पांढऱ्या लुगड्याएवढीच फिकट दिसणारी ती बाई चहालाही नको म्हणाली. कुलूप बदलणारी मुलं हीच का, एवढंच तिनं विचारलं. आत्यानं मुलांना पुढे केलं. तायडीला तिच्याकडे बघवेना.

"आमच्याकडे एकच कुलूप होतं," तायडी म्हणाली. "डावीकडच्या खुर्च्या आम्हाला हलल्या नाहीत. आणखी कुणाला तरी बोलवायला हवं होतं. आम्ही नाही बोलावलं."

चिमणी तायडीच्या मागे लपून रडत होती.

बाईनं तायडीचा हात हातात घेतला. तळव्यावर साखळीनं कापलेली खूण अजून ओली होती.

"आदल्या रात्री ते मला म्हणाले, तीन पोरं आली होती आणि माझ्यासारखंच बोलत होती. मी म्हटलं, मग आता तुम्ही एकटे नाही." तिनं ती खूण पदरानं टिपली. "लोकांना न्यायला त्यांच्याजवळ एक तरी दार होतं, बाळा. ते तुम्ही दिलंत. नाहीतर त्यांनी त्या सगळ्यांना कुठे नेलं असतं?"

मग काकू पुढे झाली, बाईच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि हळूहळू घरातली सगळीच माणसं खाली बसली.