घाटातले चाळीस ठिपके

लखमा पाड्यातले सगळे मोबाइल पिशवीत भरून टेकडीकडे निघाला, तेव्हा बसचा मार्ग आखायला आलेली ऋजुता बुधीआजीच्या ओट्यावर बसून फोनच्या हालचालींचा नकाशा पाहत होती.

"आजी, करंजपाड्याची एकतीस माणसं रोज टेकडीवर जातात. नवी बस तिकडेच न्यावी, असं यंत्र म्हणतंय."

आजी खदखदून हसली. "एकतीस कुठली? तो एकटा लखमा! पाड्यात रेंज नाही, म्हणून सगळ्यांचे फोन वर नेतो, निरोप भरून आणतो. बायांकडे कुठला फोन? त्या डोक्यावर पाटी घेऊन घाटानं गारगावच्या बाजाराला जाणार."

ऋजुता ओशाळली. तिचं चालयंत्र थोड्या नोंदींवरून शिकणारं होतं. दुसऱ्या डोंगरगावांतली माणसं कशी चालतात, कुठं थांबतात, हे त्यानं आधीच खोलवर अभ्यासलं होतं. इथल्या एकाच माणसाची खरी चाल मिळाली, तरी बाकीच्यांची ते रचू शकत होतं. गारगावची बस मिळायला त्या वाटेवर तीस जणी तरी दिसायला हव्या होत्या. आजीची सून जानी सातव्या महिन्यातही पाटी घेऊन घाट चढत होती.

"माझी चाल घे," आजी म्हणाली.

कमरेला चाल नोंदवणारी काडेपेटीएवढी डबी खोचून ती दहा वर्षांनी घाट चढली. जांभळीखाली थांबली, इथं मंगळी सगळ्यांना पान लावून द्यायची. झऱ्यावर पाय धुतले. खिंडीतल्या धोंड्यावर पाट्या टेकवून बाया नवऱ्यांच्या नकला करायच्या. "हसून हसून पुन्हा पाटी उचलवत नसे गं!" ती मागून येणाऱ्या ऋजुताला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ऋजुतानं पडदा दाखवला. चाळीस ठिपके घाट चढत होते, जांभळीखाली थांबत होते. आजी बोट लावू लागली. "ही मंगळी. ही सोमी. मागं राहिली ती लंगडी जाई."

"घरांची यादी जुनी होती," ऋजुता हळूच म्हणाली. "यंत्रानं घरटी एक बाई धरली. आता किती जणी जातात?"

"सात. काही थकल्या, बाकीच्यांच्या घरांना कुलपं. मंगळी लेकाकडं शहरात. म्हणते, तिथं दाराबाहेर जायला ठिकाणच नाही."

"मग तेहतीस ठिपके पुसावे लागतील. बस मिळणार नाही."

जानी दारात उभी राहून ऐकत होती. आजीनं तिच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं.

"पूस. खोटं नको." ऋजुताचं बोट पुढं झालं, तशी आजीनं तिचा हात धरला. "पण बाय, आधी तुझ्या यंत्राला एवढं विचार. तेव्हा बस असती, तर यातल्या किती जणी पाडा सोडून गेल्याच नसत्या?"