कोरी चिप

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला कुणाच्या पाया पडायचं नाही.

भूत म्हटलं की तुम्हाला अमावास्या लागते, पिंपळ लागतो. मला ते दिसलं दिवसाढवळ्या, अकरा चाळीसला.

मी पंचवटीतल्या एका लॅबचा टेक्निशियन. आमचं मशीन जेवणाच्या डब्याएवढं. नखाएवढ्या चिपवर रक्ताचा थेंब टाकायचा, चिपमधून प्रकाश जातो, दहा मिनिटांत कागदाच्या पट्टीवर हृदयाचा रिपोर्ट छापून येतो. नियम एकच. सकाळी आधी कोरी चिप लावायची, शून्य आलं तरच मशीन बरोबर, तरच पेशंट घ्यायचा.

फेब्रुवारीत कळवणला शिबिर होतं, मंगळवारी. गर्दी मरणाची. मी कोरी चिप लावलीच नाही. कोण बघतंय?

सहादू नावाचा शाळेतला रिटायर शिपाई आला. घामाघूम.

"छाती लय भरून आलीय, साहेब."

रिपोर्ट नॉर्मल. "गॅस आहे. भजी कमी खा."

त्याची बायको लताबाई हात जोडून म्हणाली, "दादा, दुसऱ्यांदा बघा ना."

"मावशी, हे प्रकाशावर चालतं. भगताच्या तांदळावर नाही."

रांगेतले हसले. मीही हसलो.

सहादू बस स्टँडवर कोसळला. तिथेच गेला, अकरा चाळीसला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कोरी चिप लावली. अकरा चाळीस झाले...

पट्टी बाहेर आली. सहादूचं नाव. दुसरी तपासणी. आकडा सरळसरळ हार्ट अटॅकचा.

चिपवर रक्ताचा थेंबही नव्हता.

कंपनीचा इंजिनिअर ओम आला. गळ्यात टाय, डोक्यात भुसा. "सर, बाहेरचा प्रकाश आत जात असेल."

प्रकाशाला पेशंटचं नाव कळतं का रे, गाढवा?

मी प्लगच काढून ठेवला. तरी रोज... अकरा चाळीसला... पट्टी.

काल लताबाई लॅबमध्ये आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"दादा, एवढंच सांगा. दुसऱ्यांदा बघितलं असतं तर माझा माणूस वाचला असता का?"

मी घड्याळाकडे बघितलं...

बंद मशीनमधून पट्टी सरकत आली. तिच्या पुढ्यातच.

तिने उचलली, उलटसुलट केली. "इंग्रजीत हाय. काय लिवलंय?"

माझ्यासारखा भित्रा कुत्रा अख्ख्या नाशिकात सापडायचा नाही.

मी म्हणालो, "नॉर्मल."

"मंग त्याचं नशीबच," ती म्हणाली. पट्टी माझ्या हातात देऊन गेली.

ती पट्टी खिशात आहे. कालपासून... अजून गरमच आहे.